हिरवी गाडी

"सांगा की पावणं, कसा बसलाय हिरवा?"

दाजींनी असं विचारलं तेव्हा माझा एक पाय मोटारसायकलवर होता आणि एक जमिनीवर. अंगणात फणसाखाली त्यांची जुनी पिकअप नव्या रंगात उभी होती. तिच्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. रंग निळा होता. हिरव्याकडं झुकणारा वगैरे नाही, शाळेच्या पोरांच्या सदऱ्याचा असतो तसा सरळसरळ आकाशी निळा.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मेव्हण्याची फिरकी घेण्यात दाजींचा हात धरणारा आमच्या पाहुण्यारावळ्यांत कोणी नव्हता. आक्काच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलो, तेव्हा त्यांनी मला मीठ घातलेला चहा पाजला होता. मीही नवा पाहुणा, तो सगळा पिऊन वर "झकास झालाय" म्हटलं होतं. ती गोष्ट ते पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगत. तेव्हा आताही काहीतरी तसलंच असणार म्हणून मी हसायची तयारी केली.

तेवढ्यात माझी नजर दाराकडं गेली. दाजींच्या पाठीमागं आक्का उंबऱ्यात उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती माझ्याकडं बघून मान हलवत होती. नको, नको. मग तिनं एक बोट ओठावर ठेवलं.

दाजी माझ्याकडं बघत होते. खरं तर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत होते.

"झकास," मी म्हटलं. "झकास बसलाय."

"बसणारच. तीन हात दिल्यात. जुना हिरवा असाच हुता बघ, तंतोतंत. दुकानदार म्हनला, नंबर सांगा. म्हटलं नंबर कशाला, रंगाचं कार्ड काढ. आन् कार्डावर बोट ठिवलं, ह्योच." ते बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले.

तो हात मी पुढं कितीतरी दिवस बघत राहिलो.

आमचे दाजी, रवळू रेडेकर, आजऱ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांतून दूध गोळा करायचे. जांभूळवाडी, वरचा धनगरवाडा, खोतांची वस्ती अशा दहाबारा ठिकाणचे कॅन घेऊन खाली दूध संस्थेत आणून टाकायचे. याला तिकडं 'लाईन' म्हणतात. लाईन ज्याची, त्याला डोंगरात मान असतो. औषधाच्या गोळ्या, लग्नाच्या पत्रिका, माहेरवाशिणी, सगळं त्याच गाडीतून वरखाली जायचं. गाडीचा हॉर्न दोनदा तुटक आणि एकदा लांब वाजला की बाया हातातलं टाकून कॅन घेऊन रस्त्यावर यायच्या. मग मध्येच संस्थेनं मोठा टँकर लावला. दाजींची गाडी फणसाखाली उभी राहिली, आणि गाडी उभी राहिली तसे दाजीही बसून राहिले. टायर जमिनीला टेकले. हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

वरच्या वाड्यांचा घाट काही टँकरला चढेना. दोन पावसाळे तिकडच्या लोकांनी डोक्यावरून दूध खाली आणलं आणि मग ते संस्थेवर भांडायला आले. संस्थेचे सेक्रेटरी आप्पा चौगुले दाजींकडं येऊन म्हणाले, "रवळू, गाडी दुरुस्त करून पासिंग करून आण. दिवाळीपासनं वरची लाईन तुझी. न्हाई जमलं तर भडगावचा एकजण टपलाय."

त्या दिवसापासून दाजी गाडीखाली गेले ते जेवायलाच बाहेर यायचे. माझी खालच्या गावात पिठाची गिरणी. लोडशेडिंगमुळं दुपारभर पट्टा बंद, म्हणून मी रोज दुपारी वर यायचो आणि त्यांच्या हाताखाली पाने-पक्कड द्यायचो. इंजिन दाजींनी स्वतः खोललं. हेड उतरवलं, रिंगा बदलल्या, दुधापाण्यानं सडलेला हौद्याचा पत्रा कापून नवा जोडून घेतला, स्प्रिंगचे पाटे सोडवून परत कसले. नट हातात घेतला की ते बोटानं चाचपून मला म्हणायचे, "चौदाचा दे." मला वाटायचं, काय हात आहे माणसाचा. नवा आणलेला सुटा भागसुद्धा ते कधी नजरेसमोर धरायचे नाहीत, डोळे मिटल्यासारखे करून बोटांनीच बघायचे. मी ते घरी बायकोला कौतुकानं सांगायचो.

मी काय बघत होतो ते मला त्या निळ्या गाडीपाशी उभं राहिल्यावर कळलं.

दाजी हातपाय धुवायला मागं गेले तसं आक्कानं मला गोठ्यामागं नेलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"वरीस झालं की. साखरंनं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रगत उतरलंय म्हणं. गडहिंग्लजच्या डॉक्टरनं मला बाजूला घिऊन सांगितलं. ग्येली ती नजर म्हागारी येत न्हाई. हाय ती ऱ्हायली तर ऱ्हायली."

"आन् दाजींना?"

"त्येनला वाटतंय चष्म्याचा नंबर वाढलाय. म्हंजे तसं म्हनत्यात. मनात काय हाय ते रवळनाथाला ठावं." तिनं नाक ओढलं. "रंग दिऊन झाला आन् मला हाक मारली. इंदे, बघ हिरवी झाली का न्हाई. मी काय सांगू केरबा? वरीसभर तोंड पाडून बसलेला मानूस, पयल्यांदा हसत हुता."

"अगं पण उद्या कोणीतरी बोलणारच. अख्ख्या गावाला डोळे आहेत."

"गावाला मी सांगते."

"आणि गाडी चालवणार कोण? घाट आहे तो. दाजी चालवणार?"

तिनं माझ्या दंडाला धरलं. लहानपणी ओढ्यातून पलीकडं नेताना धरायची तसंच.

"तू चालीव. गिरणी तुझी बायकू बघंल. पासिंग हुंदे, लाईन सुरू हुंदे, मग मी माझ्या तोंडानं सांगते त्येनला. गाडी व्हईस्तवर न्हाई. ह्ये काम हातात हाय म्हनून उभा हाय त्यो."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झाली. सांगावं तर दाजी कोसळणार. न सांगावं तर एक दिवस ते किल्ली फिरवून घाटात जाणार. आणि सांगायचं म्हटलं तरी सांगणार कोण? मेव्हण्यानं? आमच्यात दाजींच्या ताटात मीठ कमी पडलं तरी मेव्हणा तोंड उघडत नाही. मी हो म्हटलं.

आक्कानं गावाला खरंच सांगितलं. पाणवठ्यावर, देवळात, दुकानात. दुसऱ्या दिवसापासून जो येईल तो गाडीकडं बघून एक आवंढा गिळायचा आणि म्हणायचा, "व्वा, हिरवीगार की रं रवळू." म्हातारी शेवंताकाकू, जी जन्मात कधी खोटं बोलली नसेल, ती टायरकडं बघत म्हणाली, "नवरीगत दिसतीया." रंगाचं नाव तिनं घेतलं नाही, तेवढंच तिनं आपलं खरं राखलं. कपाळपट्टीवर 'श्री रवळनाथ प्रसन्न' लिहायला पेंटर आला, तेव्हा दाजींनी त्याला बजावलं, "पिवळं लिव्ह. हिरव्यावर पिवळं उठून दिसतं." पेंटर ब्रश हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मी मान हलवली. त्यानं पिवळं लिहिलं. निळ्यावरही ते बरं दिसलं.

रंगाला जागोजागी ओघळ आले होते. रंगाची गन कुठं जास्त वेळ राहिली ते दाजींना दिसलं नव्हतं. दाजी जेवून आडवे झाले की आक्का पाण्यात भिजवलेला काचपेपर घेऊन एकेक ओघळ घासायची. आवाज होऊ नये म्हणून पदराखालून हात चालवायची. मी मागून पॉलिश मारायचो. दाजी उठले की बॉनेटवर तळवा फिरवत म्हणायचे, "बघा पावणं, आरशागत! कुटं खडा लागतोय?" आक्काची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली असायची. ती हात पाठीमागं घेऊन म्हणायची, "तुमच्या हाताला गुण हाय."

आप्पा चौगुले येऊन गेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, निळ्या दारावर थाप दिली आणि मोठ्यानं म्हणाले, "हिरवा शालू नेसीवलास की गाडीला." दाजी फुलले. आप्पा चहा पिऊन निघाले तसं त्यांनी मला कोपऱ्यावर गाठलं आणि आवाज खाली आणला.

"मी खोटं बोललो ते इंदुताईसाठी. पण दूध खोटं चालत न्हाई आन् घाट बी. स्टेअरिंगवर कोन बसणार ते सांग. रवळू बसणार आसंल तर लाईन भडगाववाल्याला."

"मी बसणार."

"त्येला ठावं हाय?"

"न्हाई."

"मग कवा सांगणार?"

"पासिंग झाल्यावर."

आप्पांनी माझ्याकडं अशी काही दया करून बघितलं, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पासिंगचा कॅम्प गडहिंग्लजला होता. तालुक्याच्या मैदानावर महिन्यातून ठरलेल्या दिवशी आरटीओचे साहेब येतात, तिथंच गाड्या तपासतात. सकाळी निघताना आक्कानं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले.

"दाजी, जाताना मी चालवतो की," मी म्हटलं. "मला पण जरा सवय पाहिजे. कधी तुम्ही परगावी गेला, आजारी पडला तर..."

"चालीव." ते चटकन म्हणाले, आणि चाचपत पलीकडं गेले. इतक्या चटकन, की मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. गाढव मी.

गाडी काय पळत होती म्हणून सांगू. एवढ्या वर्षांची जुनी गाडी, पण क्लच लोण्यासारखा, इंजिनात कुठं खडखड नाही. दाजी एक कान खिडकीबाहेर काढून बसले होते. "तिसऱ्यावर जरा गुणगुणतीया. पट्टा सैल हाय. उद्या ताणू," म्हणाले. रस्ताभर ते खुशीत होते. लाईन सुरू झाल्यावर जांभूळवाडीच्या बाया कशा धावत येतील ते सांगत होते. मी हूं हूं करत होतो.

मैदानावर गाड्यांची रांग होती. आमच्यापुढं दोन ट्रॅक्टर, एक माणसं भरून नेणारी वडाप जीप. मी पिशवीतून कागद काढून ठेवावेत म्हणून आरसी बुक उघडलं. चेसिस नंबर, इंजिन नंबर, आणि त्याखाली छापलेलं होतं : रंग, हिरवा.



सगळ्या गावाला सांगितलं होतं. पेंटरला, शेवंताकाकूला, सेक्रेटरीला. सरकारला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेब रांगेतून पुढं पुढं येत होते, गाडीपाशी उभे राहून कागद बघत आणि खणखणीत आवाजात वाचत, जोडीचा कारकून लिहून घेई. "चेसिस बरोबर. रंग लाल, बरोबर. हॉर्न वाजवा." मला तो आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता. म्हणजे दाजींनाही येत होता.

"दाजी, मी जरा बघून येतो," म्हणून मी उडी टाकली आणि धावत साहेबांपाशी गेलो. तरुण होते, कडक इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर माशी बसणार नाही असे.

"साहेब, दोन मिनिटं बाजूला येता का? एक विनंती होती."

त्यांनी वरपासून खालपर्यंत माझ्याकडं बघितलं. "कोणती गाडी?"

"ती, मागची पिकअप. साहेब, गाडीच्या बाबतीत जरा... समजून घ्या. इथं बोलता येत नाही. तुम्ही फक्त तिकडं मोठ्यानं..."

"हे बघा," ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाजूला यायचं, समजून घ्यायचं, हे माझ्याकडं चालत नाही. गाडी चांगली असेल तर पास होईल. नसेल तर नाही होणार. रांगेत थांबा."

"तसं नाही साहेब, ते..."

"थांबा म्हटलं ना!"

ट्रॅक्टरवाले फिदीफिदी हसले. लाच द्यायला आलेला माणूस म्हणून मी मान खाली घालून परत आलो. आयुष्यात एकदा गाठला तो सरळ साहेब, आणि तोही नको त्या दिवशी.

येऊन बघतो तर दाजी ड्रायव्हरच्या जागेवर सरकून बसले होते.

"पासिंगला मालक स्टेअरिंगवर पायजे," ते म्हणाले.

"दाजी, मी बसतो की."

"गाडी कुनाची हाय?"

मी दाराशी उभा राहिलो. साहेब आले. खडूनं नंबर घासून बघितले, दिवे बघितले, टायरवर बूट मारला. खाली वाकून हौद्याचा जोड बघितला आणि त्यांचा कडकपणा जरासा उतरला. "वेल्डिंग छान झालंय. कोणी केलं?"

"ह्या हातांनी," दाजी म्हणाले.

"चला, पुढं घ्या. ती पांढरी रेघ आहे तिथं मी हात करीन, तेव्हा ब्रेक मारा."

साहेब चालत पुढं जाऊन उभे राहिले. मला रेघ दिसत होती, साहेब दिसत होते. दाजींना त्यातलं काय दिसत होतं देव जाणे. त्यांनी गियर टाकला. मी गाडीच्या बाजूनं चालायला लागलो, मग पळायला लागलो, एक हात खिडकीवर. गाडीनं वेग धरला. साहेबांनी हात वर केला. गाडी तशीच चाललेली.

"दाजी, ब्रेक!"

गाडी जाग्यावर थांबली. चारही चाकं एकदम, सरळ, कुठं वाकडी नाही. साहेब दोन पावलं मागं सरकले होते, पण ते खूष झाले. "वा! नव्या गाडीला असा ब्रेक लागत नाही." माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि तुम्ही कशाला पळताय? बाजूला चला म्हणत होता ते कशासाठी? गाडी तर उत्तम आहे." मी नुसतं हसलो.  त्यांनी कागदावर पेन टेकवला. मला वाटलं, सुटलो. त्या एका क्षणी मला खरंच वाटलं, की रवळनाथानं साहेबांच्याही तोंडाला कुलूप घातलं.

"एक मात्र राहिलं," साहेब म्हणाले. "आरसीवर रंग हिरवा आहे. गाडी निळी आहे."



"निळी?" दाजी म्हणाले.

"आकाशी निळी. रंग तुम्हीच दिलाय ना?"

दाजींचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. त्यांनी मान माझ्याकडं वळवली, अगदी माझ्या चेहऱ्याच्या जवळपास. मी तिथंच होतो. दोन पावलांवर. 

"व्हय साहेब," ते म्हणाले. "मीच दिलाय."

"काही अडचण नाही. रंग बदलल्याचा अर्ज द्या, आत्ता पास करतो." साहेब पुढच्या गाडीकडं गेले. भला माणूस होता. त्यांचं काय चुकलं?

अर्ज मी लिहिला. पूर्वीचा रंग हिरवा, सध्याचा रंग निळा. बॉनेटवर कागद ठेवून पेन दाजींच्या हातात दिलं.

"कुटं करू सही? बोट ठिव," ते म्हणाले.

एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच असं विचारलं. मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. त्यांनी सही केली. तिच्या खाली निळा पत्रा होता, आणि त्यावरून ते नेहमीसारखा तळवा फिरवत राहिले.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. दाजी मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांचा कान आता खिडकीबाहेर नव्हता.

"तुला कवा कळलं?"

"रंग दिला त्या दिवशी."

"इंदीला?"

"तिला आधीपासनंच."

"आप्पाला?"

मी गियर बदलला.

"म्हंजे सगळ्यास्नी. शेवंताकाकूला बी?"

"ती रंगाचं नाव घेत नाही."

दाजी जरासे हसले. मग पुन्हा गंभीर झाले. "वरची अक्षरं?"

"पिवळीच आहेत. आईच्यान."

"बरं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला ढगागत दिसतंय रं, केरबा. ढगात माणसं हलत्यात. वाटलं हुतं, गाडी एवढी दिसंल. आपली गाडी."  मी नुसता रस्त्याकडं बघत राहिलो. रस्त्याकडं बघणं एवढंच काय ते माझ्या हातात होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "फिटलं बघा पावणं. मिठाच्या च्याचं फिटलं."

त्यावर मी हसायला हवं होतं. मला रडू आलं, आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

घर जवळ आलं तसं मला वेगळीच धास्ती लागली. आता ते आक्काला काय म्हणतील? सगळ्या गावासमोर मला वेड्यात काढलंस, असं म्हणाले तर? आणि म्हणायचा त्यांना हक्क होता. आक्काला आधी गाठून सांगावं, तर त्या डोंगरात तेव्हा कुठला आलाय फोन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काही नाही.

आक्का भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात उभीच होती. शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या.

"झालं का पासिंग?"

"झालं," मी म्हटलं.

तिनं गाडीवरून तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं. तिच्या तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. दाजी खाली उतरले. गाडीला हात लावत लावत पुढं आले आणि बॉनेटपाशी थांबले.

"इंदे," त्यांनी हाक मारली. "साहेब रंगाला लई नावाजत हुता. मला म्हनला, ह्या रंगाला काय म्हनत्यात? मला सांगता ईना. तू सांग की. नेमका कसा हाय?"

आक्काचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान वर करू शकलो नाही. शेजारणी जमिनीकडं बघायला लागल्या.

"हिरवा हाय की," आक्का म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "गर्द हिरवा. आंब्याच्या पानागत."



दाजींनी तळवा पत्र्यावरून सावकाश पार दिव्यापर्यंत नेला.

"व्हय," ते म्हणाले. "मला बी तसाच दिसतोय."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून जादाची किल्ली काढली. ती त्यांनी सकाळीच घासूनपुसून ठेवली होती. ती त्यांनी हवेत पुढं धरली, आणि मी जाऊन घेतली.

"लाईन केरबा चालवंल गं," ते आक्काला म्हणाले. "क्लच दाबला की माझं गुडघं धरत्यात. आता न्हाई झेपायचं मला."

"बरं," आक्का म्हणाली. गेलं वर्षभर जे सांगायला ती शब्द शोधत होती, ते तिला सांगावंच लागलं नाही. ती तांब्या घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दिवाळीला लाईन सुरू झाली. पहिल्या सकाळी मी गाडी काढली तर दाजी क्लीनरच्या बाजूला येऊन बसलेले.

"चालीव तू," ते म्हणाले. "पण हॉर्नला हात लावायचा न्हाई."

घाट चढताना ते खड्डे मोजल्यासारखे डोलत होते. जांभूळवाडीच्या वळणाअलीकडं ओढ्याचा दगडी फरशीपूल लागतो. चाकं त्यावरून खडखडली तसा दाजींनी माझ्यासमोरून हात लांब केला, स्टेअरिंगच्या मधोमध अंगठा ठेवला आणि हॉर्न वाजवला. दोनदा तुटक, एकदा लांब.

वळण घेतलं तर बाया कॅन घेऊन रस्त्यावर आल्या होत्या.

"आल्या का?" दाजींनी विचारलं.

"आल्या," मी म्हटलं.